सीताफळाच्या फुलातले पाहुणे

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील मोर्च्याहून आले की पिशवीत उरलेली पत्रकं असायची, आणि माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. छापलेलं ते खरं, आणि खरं ते आधी स्वतः करायचं, हे तेव्हापासून अंगात भिनलं. त्यापायीच मी आईची बाग जवळजवळ घालवली होती.

राहात्याजवळ आमचं रान. आसपास सगळा पेरू, आमच्या वरच्या मुरमाड तुकड्यावर मात्र आईनं लावलेली सीताफळं. आदल्या साली फळ कमी लागलं, तेव्हा चुलत्यांनी सांगूनच टाकलं, "वहिनी, औंदा माल लागला न्हाई तर झाडं काढायची अन् पेरू लावायचा."

आई वाद घालत बसली नाही. फुलं यायला लागली तशी तिनं झाडांखाली फुटकी मडकी मांडली आणि त्यांत सडके आंबे, काळी पडलेली केळी टाकली. चुलते नाकाला उपरणं लावून म्हणाले, "बाग हाय का उकिरडा?"

मीही तेच म्हणत होते, फक्त छापून. सडकं फळ बागेत ठेवू नका, फळमाशी वाढते, असं पत्रक मी तयार केलं होतं. गावात वाटण्याआधी आपल्या बांधापासून सुरुवात हवी. आई एका लग्नासाठी आठवडाभर माहेरी गेली, तेव्हा मी खड्डा खणला आणि मडक्यांतलं सगळं पुरून टाकलं. हाताला फोड आले, त्यांचंही कौतुक वाटलं मला.

आई परत आली ती पिशवीसकट थेट बागेत. खाली झडलेल्या फुलांचा सडा पडला होता. तिनं झाडावरचं एक फूल खुडलं, जाड पाकळ्या नखानं फाकवल्या आणि माझ्यापुढं धरलं.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर. मडक्यातलं कुठं गेलं?"

मी पत्रक पुढं केलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं.

"माशीचं खरं हाय," ती म्हणाली. "पन ती येती फळ पिकताना. आत्ता फळ हाय का झाडाला? ह्या फुलात मधमाशी शिरत न्हाई बाई. तिळाएवढे किडे शिरत्यात, अन् ते सडक्या वासाला येत्यात. त्यांचं जेवान तू पुरलंस. लिहायच्या आधी एक फूल तरी उघडून बघायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात फळवाल्यांकडं सडका माल मागत फिरले. एकजण म्हणाला, "ताई, चांगलं सोडून हे? घरी पाव्हने कोन आलेत?"

"यायचेत अजून," मी म्हणाले.

मडकी पुन्हा भरली. चार दिवसांनी आईनं हाक मारली. तिच्या तळहातावरच्या फुलात पाच-सहा तपकिरी किडे वळवळत होते, पाठी परागानं पिवळ्या झालेल्या. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. पुढं उमललेली फुलं टिकली आणि गाठी धरल्या. फळं हरभऱ्याएवढी झाल्यावर आईनं स्वतःच मडकी उचलली. "आता तुझं पत्रक लागू," ती म्हणाली.

मी ते नव्यानं लिहिलं. फुलं असताना काय ठेवायचं, फळ वाढताना काय उचलायचं, आणि खाली: 'माहिती – माझी आई, शेतकरी'. पारावर कुणीतरी हसलं, "बाईच्या सांगन्यावर बाग चालती व्हय?" मी म्हणाले, "चालते. वर येऊन झाडं बघा, मग हसा." चौघं आले. फांद्या वाकल्या होत्या. हसलं कुणी नाही.

झाडं काढायचा विषय चुलत्यांनी परत काढला नाही. यंदा फुलं सुटली तेव्हा ते मोटारसायकलवर फुटका माठ घेऊन आले. त्यात नासके आंबे, आणि वर झाकण.

"वहिनी, कुठं ठिवू?"

आईनं झाकण काढून बाजूला ठेवलं. "त्या सावलीला. अन् शिंगणापूरच्या बिनदाराच्या घरावानी उघडंच ऱ्हाऊ द्या, भाऊजी. पाव्हने यायचेत."