बिनघडीचा कागद

मास्तरांना मी ओळखत होतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते तळमजल्यावर राहायचे, मी त्यांच्या डोक्यावर. माझ्या कमरेचा घेर, छाती, बाहीची लांबी त्यांना तोंडपाठ होती. मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते चहा बिनसाखरेचा घेतात आणि काम करताना ओठांत टाचण्या धरतात. जिन्यात गाठ पडली की "काय, बरं आहे ना?" आणि "बरं आहे" एवढ्यावर आमचं भागायचं. मी मुखदुर्बळ माणूस, आणि त्यांच्या तोंडात टाचण्या. तेव्हा पुढे लिहितोय त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि बरंचसं त्यांच्या ताईंनी नंतर सांगितलेलं. चुकलंमाकलं असेल ते माझं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. शिवणकामात कातर चालवणाऱ्याला मास्तर म्हणतात, तसे. रस्त्याकडे उघडणारी एक खोली, हेच दुकान. मधोमध उंच टेबल, त्यावर जाडजूड कातर, मागे पायमशीन, भिंतीला माणसाएवढा आरसा. खिडकीपाशी खुर्चीत ताई बसायच्या. त्या मास्तरांच्या थोरल्या बहीण. काज, बटणं, तुरपाई, असलं सगळं बारीक काम त्यांच्याकडे. मास्तरांचे केस पांढरे झाले तरी त्या त्यांना "छोट्या" म्हणायच्या, तेही गिऱ्हाइकासमोर. जिभेला धार अशी की कातर बोथट वाटावी. एकदा माप देताना एका गृहस्थांनी पोट आत ओढून धरलं, तेव्हा हातातल्या बटणावरची नजर न काढता ताई म्हणाल्या, "सोडा हो श्वास. कोट घालून जेवायला बसाल तेव्हा कुठवर ओढून धरणार?"

आणि एका सकाळी ताई उठल्या त्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडलेली घेऊन. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा ओघळलेला. औषधं झाली, मालिश झाली. थोडं सुधारलं, बाकी तसंच राहिलं. ताईंनी रडारड केली नाही. खुर्ची तेवढी फिरवली. उजवी बाजू भिंतीकडे, डावी दुकानाकडे. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं ते मान न वळवता. बाहेर जाणं भाजीपुरतं ठेवलं, तेही गळपट्टा गालावर ओढून.

मास्तर यावर चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यांनी तो जड आरसा ओढत ओढत दुसऱ्या भिंतीला नेला. तिथून ताईंची खुर्ची त्यात दिसत नव्हती. ताईंनी बघितलं. त्याही काही बोलल्या नाहीत. अशी बरीच वर्षं गेली.

पुढे तयार कपड्यांच्या दिवसांत गिऱ्हाईक आटलं आणि मास्तरांच्या गुडघ्यांनी पायमशीनशी असहकार पुकारला. दुकान बंद झालं. खोली तीच, पाटी तेवढी उतरली. मग रिकामपण मास्तरांना खायला उठलं. त्यांनी घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. मग उशांचे अभ्रे. मग पायपुसण्याला हात घातला, तेव्हा ताईंचा संयम सुटला.

"छोट्या, या घरात आता उसवायची मीच तेवढी राहिलेय."

"मग करू काय?"

"वाचनालयाच्या वर चित्रकलेचा वर्ग सुरू झालाय. दारावर लिहिलंय, वयाची अट नाही. जा."

"या वयात पेन्सिल धरू? लोक हसतील."

"काठी धरलीस तर कुणी हसणार नाही, हे खरं. मग तीच धरून बस."

मास्तर गेले. वर्गात एक निवृत्त नर्स, एक बेकरीवाला, आणखी पाचसहा हौशी मंडळी. शिकवणाऱ्या बाई मास्तरांच्या निम्म्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली आणि म्हणाल्या, जशी दिसते तशी काढा. मास्तरांनी कागद घेतला, मधोमध घडी घातली आणि अर्धीच बरणी काढली. शर्टाची पाठ कापताना कापड दुमडून अर्धीच आखतात, उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. हाताला तेच वळण. मग घडी खिडकीच्या काचेवर धरून त्यांनी उरलेली अर्धी बरणी गिरवून घेतली आणि कागद उघडला.

"काका, पहिल्याच दिवशी इतकी नेटकी बरणी!" बाई म्हणाल्या.

मास्तर घरी आले ते हवेत तरंगत.

पुढच्या वेळी किटली होती. मास्तरांनी बरणीच्याच भरवशावर घडी घातली, अर्धी किटली काढली, गिरवली, उघडली. दोन्हीकडे तोटी, आणि धरायला कान कुठेच नाही. बेकरीवाला वाकून बघायला आला.

"मास्तर, ही नवराबायकोची दिसते. भांडण नको, दोघांचे कप एकदम भरा."

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, पण कान लाल झाले होते. ताईंना वाटलं, झालं, आता हा परत पडद्यांकडे वळणार. पण पुढच्या वर्गाला ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, पेन्सिलींना टोकं करून. मला या माणसाचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते इथे. ज्याच्या हाताला जन्मभर कुणी नावं ठेवली नाहीत, त्याने म्हातारपणी आपलं हसं होऊ दिलं आणि तरी तिथेच परत जाऊन बसला. मी असतो तर ते वाचनालय असलेला रस्तासुद्धा सोडला असता.

हळूहळू घडी सुटली. किटली जमली, चप्पल जमली, पाय मोडलेली खुर्ची तर इतकी जमली की नर्सबाई म्हणाल्या, प्लास्टर घालावंसं वाटतं. पण चेहऱ्यांची पाळी आली आणि मास्तर पुन्हा घडीवर गेले. नर्सबाई काढल्या, बेकरीवाला काढला. चेहरे सुबक, टापटीप, आणि ज्याचा चेहरा त्याच्याशीच मेळ नाही.

"काका, हे सगळे एकमेकांचे भाऊबहीण वाटतात," बाई म्हणाल्या.

"बाई, माणूस मुळात सरळ नसतोच. कुणाचा एक हात लांब, कुणाचा खांदा उतरलेला. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचाच बघा, डावा खांदा चांगला बोटभर खाली आहे. मी आतून भर घालतो, कोट सरळ बसतो. त्यांना अजून पत्ता नाही."

"म्हणजे कुठे काय वाकडं आहे ते तुम्हाला आधीच दिसतं."

"दिसतं की."

"मग तेच काढा ना. भर घालू नका."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. दिसलेलं झाकायचं, याच गुणावर त्यांनी जन्म काढला होता.

त्या वर्षी वर्गाने आपली चित्रं वाचनालयात लावायचं ठरवलं. प्रत्येकाने घरातलं एक माणूस काढायचं. मास्तरांच्या घरात माणूस एकच.

"मी नाही बसायची," ताई म्हणाल्या.

"मग काय भाड्याने आणू कुणाला?"

"भिंतीवर टांगणार, लोक येऊन बघणार, होय ना?"

"हो."

ताई बराच वेळ दोरा ओवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण हीच बाजू काढ." आणि उजव्या गालावर तळहात ठेवून त्या समोर बसल्या.

मास्तरांनी डावी बाजू काढली. भुवई, डोळा, गालावरची बारीक सुरकुती, ओठाचा मिस्कील कोपरा, सगळं आलं. उजव्या गालाची जागा कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भाजीला गेल्या असताना त्यांनी कागद मधोमध दुमडला, काचेवर धरला आणि डाव्या बाजूवरून उजवी गिरवली. उघडला तर पूर्वीच्या ताई, दुखण्याच्या आधीच्या. मास्तरांना वाटलं, आपल्या हातून ताईसाठी इतकं चांगलं काही आजवर शिवून झालेलं नाही. ताई परतल्या तेव्हा पिशवी खाली ठेवायचीही त्यांनी वाट बघितली नाही.

"बघ."

ताईंनी चित्र दोन्ही हातांत धरून बघितलं.

"बरी आहे. कोण ही?"

"कोण म्हणजे? तूच की."

"हिला मी ओळखायचे. पण तुझे गुडघे चोळते, भाजी आणते, ती ही नव्हे." ताईंनी चित्र टेबलावर ठेवलं. "छोट्या, एक विचारू? तेव्हा आरसा का हलवलास?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मी खुर्ची फिरवली ती चार दिवसांपुरती. लोकांच्या चौकश्या संपल्या की सरळ करणार होते. पण तू आरसा हलवलास. म्हटलं, घरच्यालाच बघवत नाही, तर बाहेरच्यांना काय दोष द्यायचा? बसले मग तशीच. आणि आज हे." त्यांनी चित्राच्या उजव्या गालावर बोट टेकवलं. "अजूनही बघवत नाही, होय ना?"

मास्तरांच्या तोंडात तेव्हा टाचण्या नव्हत्या, तरी शब्द फुटेना. ते उठले. कोरा कागद आणला, फळीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. मग ताईंची खुर्ची भिंतीपासून ओढून उजेडाला लावली, आणि स्वतःचं स्टूल उचलून खुर्चीच्या उजवीकडे ठेवलं. त्या बाजूला इतक्या वर्षांत कुणी बसलं नव्हतं. ताई बसल्या, पण तळहात पुन्हा उजव्या गालावर गेला.

"हात काढ गालावरचा," ते म्हणाले.

ताईंनी लगेच काढला नाही. मग काढला.

त्याच दिवसांत कधीतरी मी कोटाचं बटण लावून घ्यायला खाली गेलो होतो. दुकान बंद असलं तरी माझी बटणं तिथेच जायची. दार उघडं होतं. दुखण्यानंतर ताई मला प्रथमच समोरून दिसल्या, आणि बटण हातात तसंच धरून मी उंबऱ्यात उभा राहिलो. जमिनीवर फुकट गेलेले कागद पडले होते. मास्तर खोडरबराशी झुंजत होते आणि ताई बोलत होत्या.

"नाक जरा आवर रे."

"आहे तेवढंच काढतोय."

"गावभरच्या पुरुषांची पोटं लपवलीस. बहिणीचं नाक लपवायला काय जातंय तुझं?"

"भर घालायची नाही असं सांगितलंय बाईंनी."

"भर नको घालू, काढून घे म्हणतेय!"

अडत होतं ते उजव्या डोळ्याशी. न मिटणारा डोळा काढला की तो रागावलेला दिसायचा, आणि ताई तर हसत होत्या. ताईंचं हसू सगळं डाव्या बाजूला, उजवी बाजू नुसती ऐकल्यासारखी. त्या दोन्ही एका चेहऱ्याच्या वाटायला हव्यात, हे मास्तरांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. मास्तरांनी टाचण्या काढल्या, नवा कागद लावला. ताईंनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं नाही.

"बटण ठेवा तिथे," त्या म्हणाल्या. "आणि जाताना याला सांगा, म्हातारी जिवंत आहे तोवर पुरं कर म्हणून."

मी बटण टेबलावर ठेवलं आणि जिना चढलो. 

वाचनालयात चित्रं लागली त्या दिवशी मी गेलो. ताईंचं चित्र मधल्या भिंतीवर होतं. ओघळलेला ओठ होता, उघडा डोळा होता, नाक होतं तेवढं होतं, आणि चित्रातली बाई आत्ता काहीतरी टोचून बोलणार असं वाटत होतं. डोळा कसा जमला ते मला सांगता येणार नाही. तो रागावलेला नव्हता. शेजारी मास्तर हात मागे बांधून उभे होते, आणि त्यांचं लक्ष चित्राकडे नव्हतंच, दाराकडे होतं. ताईंनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं.

त्या आल्या. जिना चढून दम लागलेला. दारातच त्यांनी गळपट्टा सोडला, हातावर टाकला आणि थेट आपल्या चित्राखाली जाऊन उभ्या राहिल्या. लोक चित्राकडे बघत, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"हुबेहूब!" नर्सबाई म्हणाल्या.

"असणारच. एवढी वर्षं मी तालीम केलीय," ताई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "छोट्या, नाक मात्र तू मुद्दाम वाढवलंस हां."

मास्तरांनी मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मला मागून दिसलं नाही.

घरी गेल्यावर दोघांनी मिळून आरसा जुन्या भिंतीला आणला, असं ताई सांगतात. मास्तरांनी पुढे पुष्कळ काढलं. हात, पाय, बाकावर पेंगणारे म्हातारे, सगळ्यांचे उतरलेले खांदे. माझाही काढला, भर न घालता. मग पेन्सिल पुरेना म्हणून ते कोळशाकडे वळले, आणि घरभर काळे ठसे उमटू लागले. एका सकाळी ते उठलेच नाहीत. ताई अजून त्या वर्गाला जातात, चित्र काढायला नव्हे, समोर बसायला. "बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही," म्हणतात. खुर्ची सरळ असते.

मास्तरांचं माझं शेवटचं बोलणं जिन्यातलंच, त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळचं. मी खाली उतरत होतो, ते काळे हात कठड्याला न लावता वर बघत उभे होते.

"जुनी वर्तमानपत्रं आहेत का हो तुमच्याकडे? फरशी काळी होते, ताई ओरडते."

"आहेत. आणून देतो."

"तुम्ही नका त्रास घेऊ. मीच येतो उद्या सकाळी."

"या."