तेल आढळले नाही

नाव : श्री. गोरक्ष बुधा दोंदे. वय : त्रेचाळीस. हुद्दा : ऑपरेटर, सांडपाणी विभाग. कार्यक्षेत्र : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना, त्याची भिंत व भिंतीबाहेरील नाला. वर्तन : समाधानकारक. विशेष कामगिरी : जानेवारी १९९८ मध्ये एका खाजगी विहिरीतील इंधन तेलाचे पाच तासांत समूळ निर्मूलन. सबब प्रजासत्ताक दिनी शाल, श्रीफळ व प्रशस्तिपत्र.

यात 'समूळ निर्मूलन' सोडलं तर सगळं खरं आहे.

झालं असं, की सुटीच्या दिवशी बॉयलरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळला. फर्नेस ऑइल नाल्यात उतरलं आणि नाल्याकाठच्या सगुणाबाईंच्या विहिरीत शिरलं. थंडीमुळे ते काकवीसारखं घट्ट झालेलं, पाण्यावर काळी साय धरून बसलेलं. गोरक्ष पोचला तेव्हा सगुणाबाई बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळकी ताटं, दोराला बांधून विहिरीत सोडत होत्या आणि तेल माखलं की वर ओढत होत्या. काठावर काळ्या पेंढ्यांचा ढीग.

"मावशी, असं सात जन्म उपसत बसणार का?"

"दोन दिस लागतील, लागू दे. वरचंच तर हाय. मोटरीचा पाईप लय खाली हाय, तिथलं पाणी नितळ हाय. माझी कोथिंबीर जगती त्याच्यावर."

दोन दिवस कारखान्याकडे नव्हते. प्रदूषणवाले दुपारी चारला यायचे होते. साहेबांनी स्टोअरमधून तेलाचा थर फोडणाऱ्या औषधाचं एक पिंप पाठवलं. त्यावर जहाजाचं चित्र होतं. नाशिकला समुद्र नाही, हे खरेदी विभागाला कोणी कळवलं नसावं.

पिंपासोबत पत्रक होतं, आणि गोरक्ष पत्रकं वाचणारा माणूस होता. या औषधाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. खरकट्या ताटावर साबण करतो तेच. मग ढवळलं की थर फुटतो, त्याचे बारीक थेंब होतात आणि वर न येता पाण्यातच लोंबकळत राहतात. तेल नाहीसं होत नाही, मुक्काम हलवतं. समुद्रात थेंबांना पांगायला मोकळं रान असतं, जिवाणू त्यांना सावकाश खातात. विहिरीत पांगून जाणार कुठे? हा प्रश्न गोरक्षला पडला. त्याने तो कोणाला विचारला नाही.

पहिल्यांदा औषध घट्ट सायीवरून नुसतं ओघळून गेलं.

"तुझ्या शाम्पूला ते दाद देत नाय रे, भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या. "माझं सरमाडच बरं हाय."

हे गोरक्षला लागलं. त्याने बॉयलरचं गरम पाणी आणवलं, तेल सैल केलं, पुन्हा औषध ओतलं आणि त्यांचीच मोटर लावून पाणी विहिरीतल्या विहिरीत फिरवलं. साय फाटली, पाण्याला चहाचा रंग आला आणि तीन वाजेपर्यंत वर काळं काही उरलं नाही. साहेबांनी स्वतः खांद्यावर हात ठेवला. चार वाजता निरीक्षक विहिरीत डोकावले. 'पृष्ठभागावर तेल आढळले नाही,' असं त्यांनी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

सगुणाबाईंनी आठ दिवस वाट पाहिली. पाणी जरा निवळलंसं वाटलं तेव्हा कोथिंबिरीला दिलं. वाफे पिवळे पडले. वाचलेल्या जुड्या बाजारात नेल्या, तर व्यापाऱ्याने एक नाकाशी धरली आणि परत ठेवली.

"वर होतं तवर दिसत तरी होतं, गोरक्ष," सगुणाबाई एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावाने हाक मारली.

प्रशस्तिपत्र त्याने भिंतीवर लावलं नाही. पुढे कित्येक रविवार तो सायकलवर सरमाड घेऊन विहिरीवर जात असे. सरमाड ओलं होऊन वर येई. त्याला तेल लागत नसे.