मम्प्सिमस आणि आमचे युसूफभाई

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमळनेरच्या कचेरीत बाकावर बसले होते, त्यांच्याच नावदुरुस्तीच्या अर्जासाठी. धुळ्याच्या दवाखान्यातून त्यांच्या पत्नीचा, जुबेदाभाभींचा आवाज आला, "ताई, आता राहू द्या." समोरचा बाबू चहा पीत होता. सहा आठवडे झाले. मला अजून शांतपणे लिहिता येत नाही, आणि शांत व्हायची इच्छाही नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं आहे, आणि तिथली फाटकी पुस्तकं तीस वर्षं युसूफभाईंनीच शिवली. शाळा सातवीपर्यंत, पण बांधणीला आलेलं पुस्तक चाळल्याशिवाय ते खळ लावत नसत. एकदा इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश दिला, तो महिनाभर परतच येईना. विचारायला गेले तर त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं... मम्प्सिमस. हा शब्द आता वापरात नाही, अशी पुढे खूण होती. अर्थ मी वाचून सांगितला. फार पूर्वी एक पाद्री लॅटिन प्रार्थनेत 'सुम्प्सिमस', म्हणजे 'आम्ही घेतलं', याऐवजी 'मम्प्सिमस' म्हणायचा, ज्याला काही अर्थच नाही. कुणी चूक दाखवली, तर म्हणाला, इतकी वर्षं हेच म्हणत आलोय, तुमच्या नव्या शब्दासाठी माझा जुना सोडणार नाही. चूक कळूनही तिलाच चिकटून बसणाऱ्याला इंग्रजीत मग हेच नाव पडलं. युसूफभाई बराच वेळ हसत राहिले. "ताई, हाऊ शब्द मरी गया म्हंतस, पन मानूस जित्ता शे."

तो माणूस त्यांना गेल्या वर्षी भेटला. हृदयाचं ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचं होतं. आधारवर नाव युसूफ, योजनेच्या कार्डावर युनूस. दवाखान्याने सांगितलं, आधी नाव जुळवून आणा. चूक कचेरीतल्या जुन्या नोंदीत होती. शाळेचा दाखला घेऊन आम्ही दोघं गेलो. बाबूने तो वाचला, चूक झालीय हे मान्यही केलं, आणि म्हणाला, "पण दप्तरात पहिल्यापासून युनूसच आहे. बाकीचे कागद त्यावरूनच झालेत. आता दप्तर कसं बदलायचं?" युसूफभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मम्प्सिमस." मी हसले. कॉलेजात येऊन हा किस्सा चवीने सांगितलासुद्धा. बाबूपेक्षाही त्या हसण्याचा मला आज जास्त राग येतो. तेव्हाच टेबलावर हात आपटून सगळी कचेरी गोळा करायला हवी होती. आम्ही मात्र सभ्यपणे अर्ज करत राहिलो, पाच महिने... शेवटी शेवटी ते कचेरीचा जिना चढेनासे झाले. खालीच ओट्यावर बसायचे, मी एकटी वर जायचे.

मागच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला आणायला भाभींबरोबर धुळ्याला गेले. त्यावर नाव होतं युनूस. जे कार्ड ऑपरेशनला चाललं नाही, ते मरणाला बरोबर चाललं. भाभींनी नाव माझ्याकडून वाचून घेतलं, कागदाची घडी घातली आणि खिडकीतून परत आत सरकवली. "हा कोण गेला, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझा माणूस युसूफ."

आतला माणूस म्हणाला, "अर्ज करा."

युसूफभाईंच्या दुकानातल्या शिकंज्यात आमच्या ग्रंथालयाची चार पुस्तकं अजून दाबून ठेवलेली आहेत. खळ कधीच वाळली असेल. नियमाप्रमाणे ती परत मागायचं पत्र मी पाठवायला हवं. मी पाठवणार नाही. भाभी रोज सकाळी दुकान उघडतात, शिकंज्यावरची धूळ पुसतात. त्याचा दांडा मात्र कुणाला सैल करू देत नाहीत. तो त्यांच्या माणसाने आवळलेला आहे.