न पळालेला ससा
रबरी हातमोज्यांचे नवे खोके उघडले, की त्या पिठूळ वासाबरोबर वाखनिंगन या डच गावाजवळच्या एका कोठारातली हिवाळी सकाळ आठवते. चाळिशी उलटल्यावर शिकारीचा परवाना काढलेली मी तिथल्या शिकाऱ्यांच्या गटात सर्वांत नवखी होते. पुस्तकांत खुणा करून शिकले, म्हणून ते मला प्रोफेसरबाई म्हणत. बाहेर कुरणावर धुके होते, आत ओल्या कुत्र्यांचा आणि कॉफीचा वास. आमच्यातल्या सर्वांत वयस्क शिकाऱ्याने नुकताच मारलेला ससा फळीवर ठेवला आणि उघड्या हाताने सुरी घेतली. त्याच्या अंगठ्यावर ताजी चीर होती. "अहो, हातमोजे घाला की!" कोणीतरी म्हणाले. "चाळीस वर्षे सोलतोय, अजून एकाही सशाने मला आजारी पाडलेले नाही." सगळे हसले. मला मात्र कुरणातले दृश्य आठवत होते: कुत्रा अगदी जवळ जाईपर्यंत तो ससा उठला नव्हता, आणि उठल्यावरही लटपटत चालला होता. सगळे नेमाचे कौतुक करत होते, म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. सुरी कातडीला टेकली, तसे मी म्हणाले, "तो पळाला नव्हता." आवाज इतका बारीक, की पुन्हा सांगावे लागले. त्याने सुरी खाली ठेवली आणि नळाखाली बराच वेळ साबणाने हात धुतले. ससा तपासणीला गेला. माणसालाही जडणारा सशांचा ताप त्याला होता, असे नंतर कळले. आता दर हंगामात हातमोजे चढवून झाले, की सुरी उचलण्यापूर्वी तो वयस्क शिकारी फळीपलीकडून मला विचारतो, "प्रोफेसरबाई, हा पळाला होता ना?"