बोटानं ठोकून घेतलेला ड्रम

काल जालन्याचा एक बँडवाला माझा जुना ड्रमसेट विकत घ्यायला आल्ता. खोळ काढली, जुन्या चामड्याचा वास आला आन् गेलेली बायको समोर उभी राह्यली.

आष्टीच्या बाजारात हाच सेट घेताना तिनं मोठा ड्रम मडक्यासारखा बोटानं ठोकला, कान लावला. म्हणाली, "अवो, तडकलाय हा. बोदा वाजतोय."

विकणारा हसला, "भाभी, रांजण घेऊन राह्यल्या का?"

रंगाखाली चीर निघाली. विकणाऱ्यानं भाव उतरवला. तवा मला पैसे वाचल्याचाच आनंद. आता तिचं ते कान लावणंच तेवढं ध्यानात राह्यलंय.

कालच्या बँडवाल्याला चीर दिसलीच न्हाई, भाव चांगला बोलला. मीच त्याला तिथं ठोकायला लावलं. "ऐक, बोदा वाजतोय."

त्यानं भाव पाडला. बराबर केलं. तिनं बी तेवढाच लावला असता.