वहिनींचं गाऱ्हाणं

आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे मुलुंडला आमच्याच सोसायटीतलं, तळमजल्यावरचं, संस्था चालवणाऱ्या दादा आणि वहिनी या नवराबायकोचं घर. पुढच्या खोलीत दशावताराचे मुकुट, गदा, कपड्यांच्या पेट्या. आतल्या खोलीत पलंगाखाली विकायचा लाल तांदूळ आणि पुढच्या पेरणीचं बी, पोरकिडे लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. कोणी पाहुणा आला की आधी एखाद्या राक्षसाचं मुंडकं खुर्चीवरून उचलायचं, मग त्याला बसवायचं. माझं घर बरोबर वरच्या मजल्यावर, म्हणून मी संस्थेत ओढली गेले. समाजसेवेची हौस वगैरे काही नव्हती. हॉल बुक करणं आणि फोनवर भांडणं ही दोन कामं मला जमतात, एवढंच.

संस्थेचं कामही सांगायला सोपं. तळकोकणातल्या त्यांच्या गावी दादा पोरांना दशावतार शिकवायचे आणि वहिनी त्याच पोरांच्या आयांना हाताशी धरून जुन्या वाणाचं भात लावायच्या. वर्षातून एकदा ती पोरं इकडे यायची. बोरिवलीला नाहीतर घाटकोपरला हॉलमध्ये नाटक, आणि दाराशी तांदळाची विक्री. पेपरात दरवेळी दादांचा फोटो यायचा, राजाच्या वेशातला. त्यातल्या एका फोटोत कडेला तांदळाची पिशवी धरलेला वहिनींचा हात आलाय. बाकीच्या वहिनी कापल्या गेल्यात.

दादांचा आवाज म्हणजे काय सांगू! ते खाली चहा मागायचे आणि वर माझ्या घरात मी उठायची. आयुष्यभर कारखान्यात मशिनीच्या वर आवाज काढून बोलले, आणि सुट्टी टाकून गावी राजाचं काम केलं. माणूस चांगला होता, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

संस्थेची मीटिंग गाऱ्हाण्याने सुरू व्हायची. माझं माहेर मराठवाड्यातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, सून सासूची सांगते ती. यांच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे हात जोडून देवापुढे घातलेलं मागणं. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दादा मोठे बेरकी. त्यातच संस्थेचे ठराव घुसडायचे. "देवा म्हाराजा, औंदा नाटक बोरिवलीक करूचा ठरला आसा." व्हय म्हाराजा. झाला ठराव पास! देवासमोर नाही म्हणायची कोणाची टाप आहे?

मी मात्र गप्प बसायची. आम्ही बौद्ध, घरात देव नाहीत. दादांनी कधी आग्रह केला नाही, हेही सांगायला हवं. सगळ्यात मोठा 'व्हय म्हाराजा' यायचा स्वयंपाकघराच्या दारातून. तिथे वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असायच्या.

मग दादांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसा तो गेला. घरी आल्यावर दादा पाटीवर लिहायचे. पाणी हवं असलं की स्टीलचा पेला टेबलावर आपटायचे. वर मला तो ठणठणाट ऐकू यायचा.

एप्रिल संपता संपता त्यांनी मीटिंग बोलावली. आम्ही जमलो तेव्हा पाटीवर आधीच लिहून ठेवलं होतं: 'आवाज गेला. संस्था बंद करूया.' मास्तरांनी, म्हणजे आमच्या बोरिवलीच्या निवृत्त शिक्षक ट्रस्टींनी, गंभीरपणे मान डोलावली. माझं डोकं फिरलं. पलंगाखाली पेरणीचं बी होतं. संस्था बंद म्हणजे गावची जमीन पुतण्यांकडे, ते तिथे काजू लावायला टपलेले. आणि भाताचं बी जुनं झालं की रुजत नाही. म्हणजे वहिनींनी इतकी वर्षं जपलेलं सगळं मातीत. पण त्यांना विचारतंय कोण?

"आधी गाऱ्हाणं तरी घालूया," मास्तर म्हणाले आणि घसा खाकरला.

वहिनी हात पुसत दारातून पुढे आल्या. "मी घालतंय."

"वहिनी, अहो, बायका कधी..."

"मास्तर, हात जोडा."

मास्तरांनी जोडले. वहिनींनी डोळे मिटले.

"हे देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्यापुढे जमली आसत."

"व्हय म्हाराजा," मास्तर म्हणाले.

"ह्येंचो आवाज तू घेतलंस. तुझी मर्जी."

"व्हय म्हाराजा."

"पण आवाज होतो तोवर ह्येनी माका कधी बोलूक दिल्यानी नाय."

मास्तरांचा 'व्हय' अर्धा बाहेर आला आणि अडकला. मला कळलं, हे आमच्याकडचं गाऱ्हाणं सुरू झालंय.

"चिखलात मी, आणि फोटोत ह्ये."

"व्हय म्हाराजा!" कोणीतरी जोरात म्हटलं. ती मी होते. देवाला नाही म्हटलं, वहिनींना म्हटलं.

"आता ह्ये म्हणतत, आवाज गेलो, सगळा बंद करूया. भात काय ह्येंच्या आवाजान पिकता? येत्या मिरगाक बी पेरूचा आसा. पेरला नाय तर सपला. तर देवा म्हाराजा, बंद करूचा नाय, अशी ह्येंका बुद्धी दे."

मी आणि मास्तर, दोघांनी दादांकडे पाहिलं. उत्तर आमचं नव्हतंच. दादांचा हात पेल्यावर होता. आता आपटतात, असं मला वाटलं. पण त्यांचे ओठ हलले. व्हय म्हाराजा. आवाज अर्थातच नाही. मास्तरांनी हुश्श केलं.

वहिनींचे डोळे अजून मिटलेलेच. "ऐकाक येवक नाय," त्या म्हणाल्या.

अगं बाई, असं बोलतात का! मला त्यांचा रागच आला. ज्याचा गळा कापलाय त्याला हे? पण दादा रागावले नाहीत. त्यांनी पेला सोडला, खुर्ची ओढत वहिनींच्या अगदी समोर आले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. वहिनींनी डोळे उघडले. मग दादांनी हात जोडले आणि एकेक अक्षर सावकाश ओठांनी म्हटलं.

"आता ऐकाक इला," वहिनी म्हणाल्या, आणि ढसाढसा रडायला लागल्या.

दादा उठले. टेबलावरचा तो पेला घेऊन आत गेले, पाण्याने भरून आणला आणि वहिनींपुढे धरला.