मंत्रीणबाईंच्या कपाळावरच्या तीन रेघा

छापखान्यात त्यांना सगळे इस्त्रीताई म्हणत. कपड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या चेहऱ्यांना इस्त्री करत. लग्नाचे, उद्घाटनाचे, निवडणुकीचे जे फोटो मोठे होऊन भिंतींवर चढायचे, ते आधी ताईंच्या टेबलावर येत आणि गुळगुळीत होऊन मशीनकडे जात. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. ताईंना मात्र ते आवडायचं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

एकतीस वर्षं त्या हेच करत होत्या. सुरुवातीला निगेटिव्हवर बारीक ब्रश आणि टोक काढलेली पेन्सिल चालायची, डोळ्याला भिंग लावून. मग संगणक आला तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या, की आता ताईंचं काही खरं नाही. ताईंनी तीन महिन्यांत संगणकाचं ते नवं पेन हातात असं बसवलं, की माना हलवणारेच अडलं की त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहू लागले.

खरं सांगायचं तर ताई कामावर असत तेव्हा त्या पूर्ण इथे नसायच्याच. पडद्यावर चेहरा मोठा करत नेला, की थोड्या वेळाने तो चेहरा राहत नाही. कपाळाचं मैदान होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यापाशी बारीक पायवाटा फुटतात. नाकाच्या बाजूने एक वाट खाली ओठांकडे उतरते. ताई त्या वाटांवरून चालत निघायच्या. ही रडून पडलेली, ही उन्हात डोळे बारीक करून पडलेली, ही हसून हसून. चालता चालता मागची वाट पुसत जायच्या. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर सरकायचा आणि ताईंना वाटायचं, एवढ्या रेघा आपण पुसतो, त्या जातात कुठे? घरी गेल्यावर आरशात बघून त्यांना उत्तर मिळाल्यासारखं व्हायचं. सगळ्या आपल्याच तोंडावर येऊन बसल्यात, असं त्या नवऱ्याला म्हणायच्या. टपालखात्यातून निवृत्त झालेला नवरा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचा, "बसू देत की. भाडं थोडंच मागतोय आपण."

त्यांच्या पडद्याच्या कडेला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. फोटो सुधारायच्या या खोलीच्या जुन्या प्रमुखांच्या हातची, संगणकाच्याही आधीची. तिच्यावर दोनच ओळी होत्या: पुरुष, रेघा राखाव्यात. बाई, रेघा पुसाव्यात. ताईंनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कारण विचारलं होतं. प्रमुख म्हणाले होते, "पुरुषाच्या रेघेत अनुभव दिसतो, बाईच्या रेघेत वय." ताईंनी मान डोलावली होती आणि कामाला लागल्या होत्या. कारण पटलं होतं की नाही, हे स्वतःला विचारायचं राहूनच गेलं.

ते जुने प्रमुख निवडणुकीच्या वर्षी निवृत्त झाले आणि काचेच्या केबिनमधली त्यांची खुर्ची रिकामी झाली. ती कुणाची, हे उघडच आहे असं ताईंना वाटत होतं. उघड नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका दाढीवाल्या डिझायनरचंही नाव मालकांच्या मनात होतं. कामात बरा, बोलण्यात फार बरा. मालक ताईंना म्हणाले, "बाई, तुमचा हात म्हणजे सोनं आहे. पण खोली सांभाळायची म्हणजे माणसं सांभाळायची. त्याला जरा वेगळा अनुभव लागतो. निवडणुकीचं काम संपू दे, मग बघू." गेली दहा वर्षं प्रमुख रजेवर गेले की खोली ताईच सांभाळत होत्या. त्यांना ती खुर्ची हवी होती, मनापासून हवी होती. पण तसं तोंडाने म्हणायची सवय नव्हती. म्हणाल्या, "बघा तुम्ही." आणि वळल्या.

निवडणूक साधीसुधी नव्हती. देशाच्या सगळ्यांत वरच्या पदाची होती आणि मैदानात दोघंच होते. एक बाई, ज्यांना सगळे मंत्रीणबाई म्हणत, कारण त्या आठ वर्षं मंत्री होत्या. त्याआधी दोनदा महापौर, त्याआधी नगरसेवक, अशी एकूण तीस वर्षं. दुसरे एक कारखानदार. वडिलांचा कारखाना चालवत आलेले, बेचाळिशीचे, रुबाबदार, आणि कुठल्याही सभागृहात प्रेक्षकांच्या गॅलरीशिवाय कधी न बसलेले. दोघांचीही पोस्टरं याच छापखान्यात आली. मालकांचं म्हणणं, शाईला पक्ष नसतो.

दोन्ही फोटो एकाच सकाळी ताईंच्या टेबलावर आले. मंत्रीणबाईंच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: दहा वर्षं उतरवा. ताईंनी उतरवली. कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या, मधली जरा तुटलेली, आणि उजव्या टोकाला किंचित वर उचललेली. छान रेघा होत्या. त्यांच्यावरून चालताना ताईंचा पाय जरा रेंगाळला, मग त्यांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या. पुसून टाकायला कसंसंच झालं म्हणून नुसत्या कापून एका कोपऱ्यात ठेवल्या.

कारखानदारांच्या फोटोची अडचण उलटीच होती. रेघा राखाव्यात, पण राखायला होत्याच कुठे? चेहरा कसा सोललेल्या अंड्यासारखा. चिठ्ठीवर मालकांच्या अक्षरात होतं: अनुभव दिसू दे. ताईंनी कानशिलांवर थोडे पांढरे केस पेरले. कपाळावर रेघा काढून पाहिल्या, पण हाताने काढलेली रेघ खोटी दिसते, ती कुठून आली हे तिला स्वतःलाच माहीत नसतं. ऊन टेबलावरून सरकत होतं, मशीनचा एकसुरी आवाज येत होता, ताईंचे डोळे अर्धवट मिटले होते. कोपऱ्यात तीन खऱ्या रेघा पडलेल्याच होत्या. हाताने त्या उचलल्या, जरा ताणल्या, सावली बदलली आणि नव्या कपाळावर बसवल्या. अशा बसल्या की जणू जन्माच्या तिथल्याच. ताई खूश झाल्या. आपण काय केलं याचा विचार त्यांनी केला नाही. सांधा दिसत नाही ना, एवढंच पाहिलं.

पोस्टरं लागली. ताई रोज ज्या थांब्यावर बस पकडत, तिथल्या भिंतीवर दोघं शेजारी शेजारी होते. रांगेतली माणसं बघून बोलायची.

"हा माणूस विचारी दिसतो. कपाळ बघा, डोक्यात काहीतरी चाललंय."

"बाई दिसायला छान आहेत हो. पण देश चालवायचा म्हणजे! नवख्या वाटतात."

"मंत्रीणबाईंना पुरेसा अनुभव आहे कुठे?"

ज्या तोंडाने मंत्रीणबाई म्हणायचं त्याच तोंडाने अनुभव नाही म्हणायचं, हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. ताईंच्याही आलं नाही. घरी नवरा म्हणाला, "बाई हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण अगं, चेहऱ्यावर काही दिसत नाही." ताई म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं. मी कारखानदारांनाच देणार." ज्या बाईने तो चेहरा स्वतःच्या हाताने कोरा केला, ती हे म्हणाली. आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, याचंच मला वाईट वाटतं.

मग एका सकाळी बस उशिरा आली. रांगेत उभं राहून ताई कारखानदारांच्या कपाळाकडे बघत राहिल्या. बघता बघता नेहमीसारख्या त्या वाटेवर चालू लागल्या. पहिली रेघ. मग मधली, जरा तुटलेली. तिच्या उजव्या टोकाशी वाट किंचित वर चढली आणि ताईंचा पाय थबकला. इथून आपण आधी गेलोय. त्यांनी शेजारच्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहिलं, परत कपाळाकडे पाहिलं. लोक ज्याला अनुभव म्हणत होते तो बाईंचाच होता. तो या कपाळावरून त्या कपाळावर त्यांनीच नेऊन ठेवला होता, आणि वर त्याला भुलून मत द्यायलाही निघाल्या होत्या.

बस आली, गेली. ताई तशाच उभ्या. आणखी कुणाचं काय काय आपण असं हलवलंय, या विचाराने त्यांना भर सकाळी रडू आलं. आणि त्यातच काचेच्या केबिनमधली खुर्ची आठवली. वेगळा अनुभव लागतो. ते वाक्य ऐकून आपणही नुसतं 'बघा तुम्ही' म्हणून वळलो होतो.

छापखान्यात शेवटच्या फेरीची पोस्टरं तयार होत होती. ताईंनी मंत्रीणबाईंची फाइल उघडली. खाली मूळ फोटो तसाच दडवलेला होता. एक बटण दाबलं की इस्त्री निघून जाते. ताईंनी दाबलं. बाई आपल्या साठ वर्षांसकट पडद्यावर परत आल्या. ताईंनी दोन नमुने छापले, एक भिंतीवर लावला आणि एक तसाच पक्षाकडे पाठवून दिला.

तासाभरात फोन वाजू लागले. मालक खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "बाई, काय केलंत हे? पक्षाची माणसं खवळलीत. मी तुमच्याबद्दल काय विचार करत होतो आणि तुम्ही!"

दुपारी मंत्रीणबाई स्वतः आल्या. त्यांची सभा दोन गल्ल्या पलीकडच्या सभागृहात होती. आवाज बसलेला, पायात साध्या चपला, सोबत पक्षाचा एकच माणूस. त्या नमुन्यासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"काढून टाका रेघा. राग नाही माझा. पण काढा."

"एकदा काढून बघितल्यात मी," ताई म्हणाल्या. "काढल्यावर लोक तुम्हाला नवख्या म्हणायला लागले. मीसुद्धा म्हटलं. मी तुम्हाला मत देणार नव्हते."

मालकांनी डोळे मिटून घेतले.

"का?" मंत्रीणबाईंनी विचारलं.

"तुमच्या चेहऱ्यावर अनुभव दिसत नव्हता. समोरच्यांच्या दिसत होता. त्यांच्या कपाळावर ज्या रेघा आहेत ना, त्या तुमच्या आहेत. मीच लावल्यात. चुकून. म्हणजे चुकून नाही, न बघता."

मंत्रीणबाई हसू लागल्या. आधी हळू, मग खुर्चीचा आधार घेऊन. "आणि आवडल्या का हो लोकांना?"

"फार आवडल्या. विचारी माणूस म्हणतात."

"मधली रेघ पुराच्या वर्षाची आहे," डोळे पुसत मंत्रीणबाई म्हणाल्या. "अकरा दिवस नावेतून फिरत होते. त्यांना बरी शोभली." हसू ओसरलं तेव्हा त्या थकलेल्या दिसल्या. "तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण रेघा ठेवल्या तर म्हातारी म्हणतील आणि काढल्या तर नवखी. या दोन शब्दांच्या मधे जी जागा आहे ना, तिथे मी तीस वर्षं उभी आहे. फार चिंचोळी जागा आहे ती."

"म्हातारी म्हणाले तर निदान खोटं तरी नाही बोलणार," ताई म्हणाल्या.

पक्षाचा माणूस पुढे सरसावला. मंत्रीणबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. पुन्हा एकदा स्वतःकडे बघितलं, ओळखीचं माणूस खूप दिवसांनी भेटावं तसं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. मग दाराशी जाऊन वळल्या. "तुमची किती वर्षं झाली इथे?"

"एकतीस."

"म्हणजे माझ्याहून एक जास्तच. या खोलीच्या प्रमुख तुम्हीच ना?"

मालकांनी घसा खाकरला. दाढीवाल्या डिझायनरने नजर जमिनीवर लावली. मालक बोलायला तोंड उघडतच होते. ते काय म्हणणार हे ताईंना पाठ होतं. हात सोन्याचा आहे, पण.

"हो," ताई म्हणाल्या. "मीच."

मंत्रीणबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक उद्याच्या कदाचित सगळ्यांत मोठ्या बाईसमोर उघड्या तोंडाने उभे होते. "हो हो," ते म्हणाले, "याच."

गाडी गेल्यावर मालक परत आले. खोलीतले सगळे कामात बुडाल्याचं सोंग करत होते.

"बाई," मालक हळू आवाजात म्हणाले, "असं बोलायचं नसतं."

"का हो?" ताईंनी विचारलं. "खोटं बोलले का मी?"

दहा वर्षांतल्या एकेका रजेचा हिशेब मालकांच्या डोळ्यांपुढून जात असावा. त्यांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. तो मान खालीच ठेवून म्हणाला, "मलाही अडलं की मी त्यांनाच विचारतो, साहेब."

मालकांनी खिशातून केबिनची किल्ली काढली, ताईंच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. ताईंनी ती उचलली. मग त्या उठल्या आणि काचेच्या केबिनचं कुलूप त्यांनी उघडलं.